मांडवकर भाऊंची कोठी

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले मांडवकर भाऊ साठ किलो तांदळावर झोपतात. हे कोणाला सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई तिखटमीठ लावून सांगतेय. पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. खाण्याच्या तेलाचे पत्र्याचे चौकोनी डबे असतात ना, तसे सहा डबे, तीन-तीनच्या दोन रांगांत मांडलेले. त्यांवर कुठल्याशा जुन्या दाराची फळी, फळीवर गोधडी आणि गोधडीवर भाऊ. प्रत्येक डब्यात दहा किलो उकडा तांदूळ, वर कडुनिंबाचा पाला. महिन्यातून एकदा मागचा डबा पुढे आणि पुढचा मागे करायचा असतो. त्या दिवशी भाऊ अंथरूण गुंडाळतात, फळी भिंतीला उभी करतात आणि सकाळभर डब्यांची फिरवाफिरव चालते. मी एकदा विचारलं, "भाऊ, पाठ नाही दुखत?" तर म्हणाले, "पाठ दुखली तर मलम मिळतं वैनी. घाट बंद झाला तर तांदूळ मिळतो काय?"

हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. आम्हा रत्नागिरीकरांच्या दारात समुद्र आहे, पण कांदाबटाटा, कोबी, टोमॅटो, पिशवीतलं दूध हे सगळं आंबा घाट उतरून कोल्हापुराकडून येतं. एखादी दरड रस्त्यावर आली की दोन दिवसांत भाजीवाल्यांकडे नुसती लिंबं आणि सुकलेलं आलं उरतं. ही गोष्ट आम्हाला पावसाळ्यात आठवते. भाऊंना ती बाराही महिने आठवते. भर मार्चात, अंगाची लाही होत असताना माझा नवरा सुधीर जिन्यात त्यांना म्हणाला, "काय भाऊ, ऊन काय पडलंय!" भाऊ म्हणाले, "पडलंय खरं. पण घाट बंद झाला तर?" त्या दिवसापासून सुधीरनं त्यांचं नाव 'घाटबंद' ठेवलं. ते बिल्डिंगभर झालं आणि सुधीरला त्याचा अजून अभिमान आहे.

भाऊ सत्तरीला टेकलेत. अंगानं काटकुळे, घरात पट्ट्यांची अर्धी चड्डी आणि बनियन, बाहेर पडताना पांढरा शर्ट आणि खिशाला पेन. खेड्यापाड्यातून शिकायला आलेल्या मुलांसाठी आमच्या गावात एक वसतिगृह होतं, तिथे भाऊ एकतीस वर्षं कोठीवर होते. कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला. एकशेवीस मुलांना दोन वेळ जेवायला घालायचं आणि अनुदान यायचं ते निम्मं वर्ष उलटल्यावर. त्यामुळे थोडक्यात भागवणं त्यांच्या हाडात मुरलेलं आहे. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं माझ्या सासूबाईंनी एकदा तोंडावर विचारलं, तेव्हा म्हणाले, "राहून गेलं काकी. एवढ्या पोरांच्या जेवणाच्या वेळा सांभाळण्यात ध्यानात नाय आलं." वसतिगृह पुढे बंद पडलं. हातात आलेल्या पैशांतून त्यांनी आमच्या समोरचा एका खोलीचा ब्लॉक घेतला आणि बँकेत थोडं ठेवलं, त्यावर त्यांचं चालतं. म्हणजे रडतखडत चालतं.

वसतिगृहाची एक गोष्ट ते वर्षातून चार वेळा सांगतात. एका पावसाळ्यात घाट तीन दिवस बंद झाला. धान्याचा ट्रक पलीकडे अडकला. स्वयंपाकीण रडायला लागली. भाऊंनी कोठी उघडली, तळाच्या कण्या काढल्या, फणसाच्या आठळ्या काढल्या, कुळीथ काढले. "एकशेवीस पोरं वैनी. एक पोर उपाशी झोपलं नाय. दोघातिघांनी तर परत वाढून घेतलं." हे परत वाढून घेतल्याचं सांगताना त्यांचा आवाज जरा चढतो. मग मला उगाच स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवतं.

आता एवढ्या तुटपुंज्या पैशांत एवढा साठा करायचा कसा, हे शास्त्र भाऊंकडून शिकावं. आठवड्याला एकच जिन्नस जादा घ्यायचा, हा पहिला नियम. या आठवड्यात पाव किलो चवळी, पुढच्या आठवड्यात मीठ, त्याच्या पुढे काडेपेट्या. दुसरा नियम, जो जिन्नस ज्या दिवसांत मातीमोल असतो त्याच दिवसांत तो घ्यायचा. मे महिन्यात लोक आंब्यामागे धावतात, तेव्हा भाऊ मिरकरवाड्याच्या बंदरावर सुके बोंबील चाचपत असतात. फणसाच्या आठळ्या तर ते विकत घेतच नाहीत. बिल्डिंगीत ज्याच्या घरी फणस फुटेल त्याच्या दारात आठळ्या गोळा करायला उभे राहतात, मग त्या लाल मातीत घोळवून वाळवतात आणि बादलीत रेती घालून त्यात पुरतात. आमच्या गॅलरीत तुळस आहे, त्यांच्या गॅलरीत आठळ्यांची बादली.

मी एकदा त्यांच्याबरोबर आठवडा बाजारात गेले, ती शेवटची. कोकमं घ्यायची होती. विकणाऱ्या बाईनं चांगली काळीभोर, मऊ कोकमं पुढे केली. भाऊंनी त्यांना हात लावला नाही. खाली पाटीत मीठ फुललेली, पांढरी पडलेली होती, ती उचलली. "ही द्या. निम्म्यात द्या."

"अवो, त्यात मीठ जास्त पडलंय," बाई म्हणाली. तिला बिचारीला खरं बोलायची सवय होती.

"म्हणूनच तर घेतोय. कोकम तर कोकम झालं, वर मीठ फुकट."

तसंच पापडांचं. मोडलेले पापड निम्म्या भावात मिळतात. संकटाला गोल पापड लागत नाहीत, असं भाऊंचं म्हणणं. कोकमाचं आगळ भरायला त्यांच्याकडे दारूच्या बाटल्या आहेत, त्या एका हॉटेलच्या मागच्या दारातून आणलेल्या. स्वतः थेंबाला शिवत नाहीत, पण पहिल्यांदा घरात शिरणारा माणूस ती बाटल्यांची रांग बघून चपापतो. प्रत्येक डब्याला, बाटलीला, पुडीला चिठ्ठी. चिठ्ठीवर 'आत' आणि त्याखाली 'बाहेर', दोन्हीकडे तारीख. अक्षर सुरेख.

आणि तिसरा नियम सगळ्यात कडक. जुनं आधी, नवं मागून. साठा कुजू द्यायचा नाही, म्हणजे जुना झालेला संपवायचा आणि ताजा साठवायचा. याचा परिणाम असा, की भाऊंनी गेल्या कित्येक वर्षांत ताजं काही खाल्लेलं नाही. नवा तांदूळ आला की तो फळीखाली जातो आणि ताटात गेल्या वर्षीचा येतो. मी एकदा घरच्या आंब्याची, रस वाळवून केलेली पोळी दिली. वर्षभरानं जिन्यात भेटले आणि म्हणाले, "वैनी, पोळी मस्त होती हां." मला आधी कळेचना कुठली पोळी. त्यांनी ती त्याच दिवशी बाहेर काढली होती.

बरं, एवढा साठा उघडायचा कधी, तर संकटात. आणि भाऊंना सहसा काही संकट वाटत नाही. एकदा सिलिंडर संपला आणि आठ दिवस नवा आला नाही. मी म्हटलं, आमच्याकडे जेवायला या. नाही आले. भिजवलेले पोहे गुळाशी खाल्ले. "ही अडचण आहे वैनी, संकट नव्हे." ताप आला, अडचण. नळाला पाणी नाही, अडचण. कुणाकडे काही मागायचं नाही, हा त्यांचा बाणा. "माणसानं दुसऱ्याचं दार वाजवायची पाळी येऊ देऊ नये," असं ते म्हणायचे, आणि माझ्याकडे बघून म्हणायचे.

माझ्याकडे बघून, कारण आमचं घर उसन्यावर चालतं. मी एका शाळेत क्लार्क आहे. तिथली प्रत्येक फाईल जागच्या जागी असते, पण घरी फोडणी टाकायला तेल तापलं की मला कळतं, मोहरी नाही. मग वाटी घेऊन मी खालच्या जाधवबाईंकडे पळते. जाधवबाईंची साखर संपली की त्या माझ्याकडे. आमच्या चौदा घरांत वाट्यांची सतत ये-जा. नेताना सपाट न्यायची आणि परत करताना शीग लावून करायची, हा रिवाज. वाटी द्यायला म्हणून गेलं की पाऊण तास गप्पा होतात, कोणाच्या घरी काय शिजलंय ते कळतं, कोणाचं भांडण झालंय तेही कळतं. भाऊंच्या दारात मात्र वाटी कधी गेली नाही आणि त्यांची कधी बाहेर आली नाही. त्यांच्याकडे सगळं होतं आणि ते संकटाचं होतं. संकटाच्या साखरेला हात कोण लावणार?

मग दोन वर्षांपूर्वी, आषाढ सरता सरता, घाट खरोखरच बंद झाला. नुसता घाट नाही, दुसऱ्या बाजूचा रस्ताही पाण्याखाली गेला आणि वीज गेली. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही सगळे जिन्यात जमलो होतो. भाऊ वरून उतरून आले. पांढरा शर्ट घातलेला, केस विंचरलेले. काही बोलणार असं वाटलं. तेवढ्यात सुधीर म्हणाला, "काय भाऊ, लागली की लॉटरी! उघडणार का गोदाम?" सगळे हसले. भाऊंनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही अडचण आहे. संकट नव्हे." पुन्हा हशा झाला. भाऊ वर निघून गेले.

ते पाच दिवस आम्ही मजेत काढले, हे कबूल करायला हवं. जाधवबाईंकडे दुधाची पावडर होती, माझ्याकडे नेमके तीन किलो बटाटे होते. कोणाचे कांदे, कोणाचे मसूर, वाट्या नुसत्या धावत होत्या. संध्याकाळी पहिल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये मेणबत्त्या लावून एकत्र खिचडी. सासूबाईंनी तिथे बसून भजनं म्हटली. भाऊंना बोलवावं असं कोणीतरी म्हणालं. मग दुसरं कोणीतरी म्हणालं, त्यांना कशाला, त्यांच्याकडे भरलेलं घर आहे. ते दुसरं कोणीतरी मीच होते.

घाट उघडला, भाजी आली, आम्ही सगळं विसरलो. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दाराची कडी वाजली. भाऊ. हातात स्टीलची वाटी.

"वैनी, वाटीभर साखर मिळेल? संपली."

भाऊंची साखर संपली! मी वाटी भरून दिली. त्यांनी बोटानं वरची शीग माझ्या डब्यात परत सारली आणि सपाट वाटी नेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटी परत, चांगली शीग लावून. सासूबाई बाहेरच्या खोलीत होत्या, त्यांनी "बस रे जरा" म्हटलं. भाऊ बसले. चहा झाला. तासाभरानं उठले.

चार दिवसांनी मोहरी. मग हिंग. मग सुधीर घरी असताना चहाची पूड. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी परत, प्रत्येक वेळी शीग. सुधीर म्हणाला, "घाटबंदचं दिवाळं निघालं वाटतं." मी हसले खरी, पण मनातल्या मनात हिशेब मांडायला लागले. बँकेतलं व्याज घटलं असेल. आजारपणात पैसे गेले असतील. हा मानी माणूस सांगणार नाही, पण घरात खडखडाट असणार, आणि आपण दिलेलं फेडायला तो कुठून तरी विकत आणत असणार. मी रात्रंदिवस तेच घेऊन बसले. मला एकदा कोणाची दया आली की माझं डोकं चालेनासं होतं.

पुढच्या खेपेला ते तूरडाळ मागायला आले, तेव्हा मी वाटीऐवजी डबाच भरला. आणि अगदी मायेनं म्हटलं, "भाऊ, हे परत करायचं नाही हां. आपल्यात कसलं आलंय परत करणं! लागेल तेव्हा हक्कानं न्या, पण परत आणू नका."

भाऊ डबा हातात घेऊन उभे राहिले. "नाय वैनी. तसं कसं?"

"तसंच. आणलंत तर मी दार उघडायची नाही."

मी हे हसत हसत म्हटलं होतं. भाऊ हसले नाहीत. "बरं," म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते आमच्याकडे आलेच नाहीत. दोन आठवडे गेले. जिन्यात भेटले तर मान हलवून पुढे जायचे. मला वाटलं, आपण एवढं चांगलं बोललो आणि यांना राग कसला आला?

गणपतीत आमची बिल्डिंग रिकामी होते. जो तो आपापल्या गावी जातो. आम्ही राजापूरकडे, सासूबाईंच्या घरी. चौदा घरांना कुलपं आणि पंधराव्यात भाऊ एकटे, कारण त्यांना गावाकडे घर उरलेलं नाही. गौरी-गणपती बोळवून आम्ही परत आलो त्या दिवशी लखलखीत ऊन पडलं होतं. नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, घेऊन मी समोर गेले. दार सताड उघडं होतं आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊंनी उघडीप बघून सगळा साठा हवेला काढला होता. फळी उभी, तांदळाचे डबे उघडे, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून त्यांवर चवळी, वाल, नाचणी. आणि खिडकीखाली ओळीनं साखरेचा भरलेला डबा, मोहरीच्या दोन बरण्या, हिंगाच्या डब्या, चहा आणि तूरडाळ. माझी डाळ वेगळी आणि त्यांची स्वतःची, निदान पाच किलो, वेगळी.

"भाऊ, ही साखर?"

"ती..." भाऊंनी घाईनं एक वर्तमानपत्र उचललं, "ती संकटाची."

"आणि मोहरी? हिंग?"

"ती पण."

मी नेवऱ्यांचं ताट तिथेच ठेवलं आणि घरी येऊन जी सुरू झाले! "बघा म्हणजे झालं ना आई! मी इथे रात्र रात्र काळजी करतेय आणि या गृहस्थाकडे महिनोन्महिन्यांची साखर! स्वतःची राखून ठेवायची आणि दुसऱ्याची मागून खायची! चिकटपणाची हद्द झाली!"

सासूबाई वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "चिकट माणूस शीग लावून परत देतो होय गो?"

मी त्यांच्यासमोर बसकण मारली. त्यांचं चालूच होतं.

"वाटीभर नेऊन सव्वा वाटी देतो आणि घटकाभर बसून जातो. न्यायला आला की एकदा, द्यायला आला की एकदा. दोनदा येणं होतं बिचाऱ्याचं. मला वाटलं, तुला कळलंय."

"मग यायचे बंद का झाले?"

"तू काय म्हणालीस त्याला?"

मी सांगितलं. सासूबाईंनी वात खाली ठेवली. "परत आणू नको म्हणालीस? अगो, परत आणू नको असं आम्ही दारात भिकारी आला तर त्याला म्हणतो. शेजाऱ्याला नाय म्हणत. परत द्यायचंच नाय, तर त्यानं यायचं कशाला?"

मला माझी लाज वाटली. ती नुसती भाऊंपुरती नव्हती. पाच दिवस खाली मेणबत्त्या लावून आम्ही खिचडी खात होतो आणि वर त्यांच्या भरलेल्या घरात हा माणूस एकटा बसला होता. त्याच्याकडे सगळं होतं, म्हणून त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. बारा वर्षं मी त्यांच्या समोर राहते. मी गावभर मागत फिरले, पण त्यांच्याकडे कधी चिमूटभर मीठही मागितलं नाही, आणि हे मी त्यांच्यावर उपकार करावेत तसं करत आले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी वाटी घेतली. काय मागावं ते सुचेना. माझ्या जन्मात पहिल्यांदा घरात सगळं होतं, कारण गावाहून येताना सासूबाईंनी गोणी भरून आणली होती. कुळथाचं पीठही होतं. तरी मी तेच मागायचं ठरवलं.

भाऊंनी दार उघडलं. माझ्या हातातली वाटी बघून त्यांना क्षणभर काही कळलं नाही.

"भाऊ, वाटीभर कुळथाचं पीठ आहे का? पिठलं करायचंय आणि डबा रिकामा."

ते बाजूला सरले. मग म्हणाले, "बसा." एकुलती एक खुर्ची त्यांनी पंच्यानं पुसली. "किती माणसं? तीन? ताकातलं की कोकम घालून? पातळ की घट्ट?" मी आपली उत्तरं देत गेले. भाऊ डबा शोधायला वाकले, मग उठले, म्हणाले, "आधी चहा टाकतो," आणि चहा टाकला. चहात साखर संकटाचीच होती. मला ती मुद्दाम दोन चमचे जास्त घातलेली.

पीठ चाळता चाळता ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "तुम्ही कुळथाचं काढलंत म्हणून सांगतो. घाट बंद झाला होता ना वैनी, त्या दिवशी सकाळीच मी दोन किलो कुळीथ भिजत घातले. चौदा घरं, म्हटलं घरटी वाडगाभर उसळ होईल. तेच सांगायला खाली आलो होतो. सुधीररावांनी विचारलं, आणि मी आपला सवयीनं बोलून गेलो, अडचण आहे म्हणून." ते थोडं हसले. "बोललो आणि फसलो. मग म्हटलं, एखादा तरी येईल मागायला. दार उघडंच ठेवलं. कुळथांना हे एवढाले मोड आले."

"मग?"

"मग काय, खाल्ले मीच. सहा दिवस."

मी चहाचा कप तोंडाला लावून बसले, त्यात चहा उरला नव्हता तरी. भाऊंनी माझी वाटी भरली, बोटानं वरून सपाट केली, सांडलेलं पीठ टिपून डब्यात परत टाकलं आणि वाटी माझ्या हातात दिली.

"उद्या परत आणून देते हां भाऊ," मी म्हटलं. "शीग लावून."

भाऊ दारापर्यंत आले. दाराच्या कडीशी उगाच चाळा करत उभे राहिले. "शीग नको," ते म्हणाले. "आणि सगळं एकदम नका आणू वैनी. थोडं थोडं आणा. चार वेळा करून आणलंत तरी चालेल."

मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजता दोन चमचे पीठ कागदाच्या पुडीत बांधलं आणि समोर गेले. भाऊंनी ती पुडी दोन्ही हातांनी घेतली, एवढंच का म्हणून विचारलं नाही, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.